बॅगेचं कुलूप आणि दुसऱ्याचं पाकीट

मागच्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये एक साधा प्रश्न निघाला आणि मधली सुट्टी त्यातच संपली. गणिताचे सर आई-वडिलांना घेऊन उमऱ्याला निघाले आहेत. पहिलाच विमानप्रवास. त्यांनी विचारलं, "काउंटरवर जी मोठी बॅग द्यायची, तिला कुलूप लावायचं की नाही?" आम्ही सहा जण बसलो होतो, उत्तरं सात मिळाली. कुणी म्हणालं, कुलूप लावलं की चोराला कळतं आत काहीतरी आहे. कुणी म्हणालं, न लावलेली बॅग म्हणजे उघडं दार. विज्ञानाच्या मॅडम म्हणाल्या, लावा किंवा लावू नका, उघडायची असली तर उघडतातच. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, विमानांशी माझा काही संबंध नाही. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या बॅगेचं कुलूप तुटलं होतं आणि त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. निदान अर्धी गोष्ट माहीत होती. उरलेली अर्धी आज इथे लिहितो, कारण माझं मत त्या अर्ध्यातूनच बनलं आहे.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न लहान नाही. खाडीकाठच्या कुठल्याही मोहल्ल्यात जा, घरटी एक माणूस कुवेत, दुबई, सौदी किंवा कतारमध्ये आहे किंवा होता. माझ्या लहानपणी मामू कुवेतहून यायचे. त्यांच्या सुटकेसला पट्ट्यांनी आवळलेलं असायचं, वर पितळी कुलूप, आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. मुंबईहून रात्रभर एसटीने येऊन ते पहाटे घरी पोहोचायचे. नाश्ता झाल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही, असा नानीचा नियम होता. आम्ही मुलं त्या सुटकेसभोवती कोंडाळं करून बसायचो. नानी "बिस्मिल्ला" म्हणायची, मामू किल्ली फिरवायचे, आणि टँगची बरणी, नीडोचा डबा, अत्तराच्या कुप्या, मखमली ब्लँकेट बाहेर यायचं. दोन वर्षांची मेहनत त्या एका सुटकेसमध्ये असायची. त्या कुलपाला घरात इज्जत होती. त्यामुळे बॅगेला कुलूप लावावं की नाही, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारलाच नव्हता.

आता माझी गोष्ट. अम्मींना उमऱ्याला घेऊन गेलो होतो. परतताना त्यांनी बॅगेत अजवा खजूर, तस्बिह्या, चार जानमाज, नातवंडांची खेळणी असं सगळं स्वतःच्या हाताने भरलं आणि कुलूप लावायला लावलं. किल्ली त्यांच्या बटव्यात. इथे उतरलो, पट्ट्यावरून बॅग आली तर कुलूप गायब, चेनचं एक टोक तुटलेलं. अम्मी मटकन खालीच बसल्या. त्यांना वाटलं, मदिनेहून आणलेलं सगळं गेलं. माझा तोल सुटला. पट्ट्याजवळ बॅगा सरळ करणारा एक कामगार उभा होता, माझ्याच वयाचा. मी त्याच्यावर चारचौघांत ओरडलो. "तुम्ही लोक" अशी सुरुवात करून जे बोलायला नको ते सगळं बोललो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आम्ही बॅगा उतरवतो फक्त. आधी आत काय गेलंय ते तरी बघा."

बघितलं. खजूर होते. तस्बिह्या होत्या. जानमाज चारही होते. एक छापील चिठ्ठी होती की तपासणीसाठी बॅग उघडण्यात आली. आणि एकच वस्तू नव्हती, माझी पॉवर बँक. निघायच्या धांदलीत मीच ती बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात कोंबली होती. पॉवर बँक काउंटरवर द्यायच्या बॅगेत ठेवायला बंदी आहे, ती स्वतःजवळच ठेवायची असते, हे मला माहीत होतं. लिथियमची बॅटरी विमानाच्या पोटात पेटली तर कुणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर होतो. एक्स-रेमध्ये ती दिसली. माझं नाव पुकारलं असेल तर त्या वेळी मी अम्मींना वजूसाठी घेऊन गेलो होतो. बॅग उघडणं भाग होतं, किल्ली अम्मींच्या बटव्यात, म्हणून कुलूप तोडलं. चोरी झालीच नव्हती. चूक माझी होती.

गावात मी अर्धीच गोष्ट सांगितली, कुलूप तुटल्याची. आणि त्या कामगाराची माफी मागितली नाही. अम्मींनी बाहेर आल्यावर विचारलं, "त्या माणसाला काही बोललास का परत?" मी म्हटलं, टॅक्सी उभी आहे.

तेव्हापासून हा विषय मनात आहे. थोडं वाचलं, माझा एक जुना विद्यार्थी आखातातल्या एका विमानतळावर बॅगा चढवण्याचं काम करतो, त्याच्याशी बोललो. जे समजलं ते असं.

आपण काउंटरवर बॅग देतो तेव्हा तिला दहा आकडी नंबराची पट्टी लागते. ती पट्टी हीच तिची ओळख, बॅगेवर आपण लिहिलेलं नाव नव्हे. मग ती पट्ट्यांवरून एक्स-रे यंत्रातून जाते. संशय आला तर बाजूला काढली जाते. आपल्या देशात शक्यतो प्रवाशाला बोलावून त्याच्यासमोर बॅग उघडतात. अमेरिकेत तसं नाही, तिथे प्रवासी नसतानाच उघडतात आणि आत चिठ्ठी ठेवतात. 2001च्या हल्ल्यानंतर तिथे काउंटरवर दिलेली प्रत्येक बॅग तपासण्याचा कायदा झाला. कुलपं तोडावी लागू नयेत म्हणून 2003 पासून एक खास प्रकारची कुलपं बाजारात आली. लाल चौकटीच्या खुणेची, 'टीएसए' नावाने ओळखली जाणारी. त्यांची मास्टर किल्ली तपासणी अधिकाऱ्यांकडे असते. अमेरिकेला जाणाऱ्यांनी तीच वापरावीत, साधं कुलूप तोडलं गेलं तर भरपाई मिळत नाही. पण तीही काही तिजोरीची कुलपं नव्हेत. 2014 मध्ये एका मोठ्या अमेरिकी वृत्तपत्रात त्या मास्टर किल्ल्यांचा फोटो छापून आला, आणि पुढच्याच वर्षी त्यावरून लोकांनी थ्री-डी प्रिंटरवर किल्ल्या बनवून दाखवल्या.

आणखी एक गोष्ट ऐकून तर मी थक्क झालो. चेनच्या बॅगेचं कुलूप उघडावंच लागत नाही. साधं बॉलपेन चेनच्या दातांत दाबून घुसवलं की चेन मधूनच फाकते. काम झाल्यावर कुलपासकट चेनचे दोन्ही खटके एकदा पुढेमागे ओढले की ती पुन्हा बंद. कुलूप जसंच्या तसं. म्हणजे बॅगेला कुलूप न लावा म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. ज्याला चोरायचं आहे त्याला चेनवरचं कुलूप थांबवत नाही.

मग कुलूप लावावं का? माझं उत्तर, हो, लावावं. पण ते कशासाठी लावतोय हे समजून लावावं.

कुलूप चोराला अडवण्यासाठी कमी आणि बॅग बंद राहण्यासाठी जास्त कामाचं आहे. बॅगा एकावर एक आदळतात, घसरतात. खच्चून भरलेल्या बॅगेचे खटके सरकतात आणि सामान पट्ट्यावर सांडतं. दुसरं, कुलूप म्हणजे खूण आहे. लिफाफ्यावरच्या लाखेसारखी. लाख लिफाफा फाडणाऱ्याला अडवत नाही, पण फाडला हे सांगते. बहुतेक वेळा बॅग उघडली गेली असेल तर तुटलेलं कुलूप तुम्हाला तिथेच, विमानतळाच्या आत असतानाच सांगतं. घरी आल्यावर कळण्यात आणि तिथे कळण्यात फार फरक आहे. तिसरं, रिकामा हात सहज फिरावा इतकी सोपी बॅग ती राहत नाही. शंभर बॅगांमध्ये उघडी बॅग असताना कुणी बंद बॅगेशी झटापट करत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने एक व्यवहारी गोष्ट सांगितली. लोंबकळणारं मोठं कुलूप लावू नका, ते पट्ट्याच्या फटीत अडकतं आणि कुलपासकट चेन उपटते. मी त्याला विचारलं, तुमच्यातले काही लोक खरंच चोरतात का? तो म्हणाला, "सर, प्रत्येक धंद्यात असतात तसे असतील. पण एका विमानाच्या सगळ्या बॅगा आम्हाला मिनिटांच्या हिशेबात चढवायच्या असतात, वर कॅमेरा असतो, आणि चेचाळीस-सत्तेचाळीस डिग्रीत डांबरावर उभं राहून कुणाचं कुलूप कोण उघडत बसेल? तुमची बॅग बत्तीस किलोची असते ना, त्याने माझी कंबर गेली, ते कुणी विचारत नाही."

त्याचं बोलणं ऐकताना मला आमच्या विमानतळावरचा तो माणूस आठवला.

बॅग तपासणीचे हे नियम कुठून आले, तेही माहीत असावं. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचं कनिष्क हे विमान आयर्लंडजवळ अटलांटिकवर फुटलं. 329 माणसं गेली. बॉम्ब एका बॅगेत होता. ती बॅग व्हँकुव्हरला काउंटरवर देणारा माणूस विमानात बसलाच नव्हता, बॅग मात्र पुढे गेली. त्याच कटातली दुसरी बॅग त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर फुटली. विमान त्यातून वाचलं, कारण बॅग विमानात चढण्याआधी फुटली. मेले ते दोन कामगार, बॅगा हलवणारे. तीन वर्षांनी, 21 डिसेंबर 1988 रोजी स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅनॅमचं विमान कोसळलं, 270 मृत्यू. तिथेही मालक विमानात नसलेली बॅग. म्हणून आज प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग शोधून उतरवतात, आणि आपण विमानात बसून "उशीर का होतोय" म्हणून चिडचिड करतो. आपल्या बॅगेत काय आहे याची पहिली किंमत तिला हात लावणारा माणूस मोजतो, हे नारिताच्या त्या दोन कामगारांमुळे मला कळलं. त्यांच्यावर चोरीचा संशय घेणं सर्वांत सोपं, कारण तेच समोर दिसतात.

इथवर कुलपाची गोष्ट झाली. पण खरा धोका कुलपाच्या बाहेरचा नाहीच, आतला आहे, असं माझं मत आहे. याबद्दल आपल्या समाजात मोकळेपणाने बोललं जात नाही.

मुंबईचं एक तरुण जोडपं जुलै 2019 मध्ये कतारला फिरायला गेलं. नात्यातल्या एका बाईने तिथे कुणाला द्यायला म्हणून एक पाकीट दिलं होतं. दोहाच्या विमानतळावर त्यांच्या सामानात चार किलोच्या आसपास हशीश सापडलं. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्नी गरोदर होती, मुलगी तुरुंगात जन्मली. इथे घरच्यांनी आणि अमली पदार्थ विरोधी यंत्रणेने पाठपुरावा केला, त्यांना फसवलं गेलं हे समोर आलं, वरच्या न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकलं आणि 2021 मध्ये ते सुटून घरी आले. वर्तमानपत्रांत तेव्हा हे सगळं आलं होतं. त्यांच्या बॅगेला जगातलं सर्वांत महागडं कुलूप असतं तर काय फरक पडला असता? पाकीट त्यांनीच, विश्वासाने आत ठेवलं होतं.

दुसरी घटना ब्राझीलची. मार्च 2023 मध्ये दोन ब्राझिली महिला जर्मनीत फिरायला निघाल्या. साओ पाउलोच्या विमानतळावर काही लोकांनी त्यांच्या बॅगांच्या पट्ट्या काढून अमली पदार्थ भरलेल्या वेगळ्याच बॅगांना लावल्या. फ्रँकफर्टमध्ये त्यांना अटक झाली आणि 38 दिवस त्या तुरुंगात होत्या. विमानतळाच्या कॅमेऱ्यांमुळे सत्य बाहेर आलं. इथेही कुलूप निरुपयोगी, कारण बॅगच दुसरी होती. मग उपयोगी काय पडतं? काउंटरवर बॅग देण्याआधी काढलेला बॅगेचा फोटो, वजनाचा काटा दिसेल असा, पट्टी लावल्यावर पट्टीच्या नंबरासकट. मोबाइल सगळ्यांकडे आहे, फोटोला पैसे पडत नाहीत. ही बॅग माझी नाही हे सांगायला आपल्याकडे काहीतरी असतं.

आता थोडं कडवट लिहितो. परक्या विमानतळावर बॅगेत काही सापडलं तर "मला माहीत नव्हतं" हे वाक्य सगळेच म्हणतात, म्हणून त्यावर कुणीच लगेच विश्वास ठेवत नाही. त्यात नाव मुसलमानाचं असलं की काही ठिकाणी प्रश्न दोन जास्त येतात, हा अनुभव आमच्यातल्या पुष्कळांना आहे. ते योग्य नाहीच. पण म्हणूनच आपण बेफिकीर राहून चालत नाही. वाद घालायचा तर आपली बॅग आपल्याला पूर्ण माहीत असायला हवी.

आणि आपली बॅग आपल्याला माहीत असते का? प्रामाणिकपणे सांगा. गावातून कुणी आखातात निघाला की चार दिवस आधीपासून घरात पाकिटं येऊ लागतात. "माझ्या मुलाला एवढा मसाला दे." "जावयाला गुडघ्याची गोळी दे." "अर्धा किलोच आहे, त्यात काय?" वर सेलोटेप इतकी गुंडाळलेली की उघडायला करवत लागेल. नाही म्हणायची सोय नाही, वर्षानुवर्षं बोललं जाईल की फलाण्याच्या मुलाने एवढंसं पाकीट नेलं नाही.

त्या एवढ्याशा पाकिटात काय असू शकतं ते ऐका. आपल्या मसाल्यात, लाडवांत, खिरीत खसखस असते. इथे ती वाण्याकडे मिळते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, कतार इथे खसखस अमली पदार्थांत धरतात, ती अफूच्या बोंडातून येते म्हणून. आई मुलासाठी मसाला कांडते आणि मुलगा विमानतळावर अडकतो, इतकं सरळ आहे हे. दुखण्यावरच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ट्रामाडॉल, अमिरातीत नियंत्रित औषधांत येतात. डॉक्टरची चिठ्ठी आणि तिथली परवानगी नसेल तर तो गुन्हा ठरू शकतो. आपल्या कोकणातलं सुकं खोबरं! त्यात तेल जास्त, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान कंपन्या ते बॅगेत चालवून घेत नाहीत. लायटर, काडेपेटी, माझ्यासारख्यांची पॉवर बँक, यांचं तर सांगायलाच नको. यातलं काहीही पाठवणारी व्यक्ती गुन्हेगार नसते. ती आई असते, सासू असते, शेजारची खाला असते. पण तिथला अधिकारी पाठवणाऱ्याला ओळखत नाही. बॅगेच्या पट्टीवर ज्याचं नाव, जबाबदार तो.

यावर आमच्याकडे एक उत्तर ठरलेलं आहे. "अमानत आहे, उघडून कसं बघायचं?" मला इथे थांबून विचार करावासा वाटतो. अमानतीचं मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. हिजरतीच्या रात्री जीव धोक्यात असताना हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत अलींना मक्केत मागे ठेवलं, ते लोकांच्या अमानती परत करण्यासाठी. त्यात विरोधकांच्याही ठेवी होत्या. हे आपण मुलांना शाळेत अभिमानाने सांगतो. पण अमानत म्हणजे काय घेतलं, कुणाचं घेतलं, किती घेतलं, हे माहीत असणं. माहीत नसलेली वस्तू परत तरी कशी करणार? बंद पाकीट न बघता उचलणं म्हणजे अमानत सांभाळणं नव्हे, ते डोळे मिटणं आहे. तसंच उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण आपण येताजाता सांगतो. बॅगेला कुलूप लावलं म्हणजे उंट बांधला असं आपण समजतो. उंटाच्या पाठीवर कुणी काय लादलंय ते न बघता बांधून काय उपयोग?

त्यामुळे आमच्या घरात आता एक रीत घातली आहे. पाकीट द्यायला येणाऱ्याने ते उघडं आणायचं. आमच्यासमोर, आमच्याच पिशवीत भरायचं. मसाल्यात काय काय आहे ते विचारायचं. औषध असेल तर चिठ्ठीसकट, आणि शंका असेल तर घ्यायचंच नाही. सुरुवातीला एक फुफी रागावल्या, "आमच्यावर शक करतोस?" मी म्हटलं, "फुफी, तुमच्यावर शक नाही. तिथे तुम्ही सांगायला येणार नाही, मला सांगावं लागेल. मग मला माहीत नको?" दोन महिने बोलल्या नाहीत. पुढे त्यांचाच नातू दुबईला निघाला तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांची पाकिटं स्वतः उघडून बघितली.

राहता राहिली मौल्यवान वस्तूंची गोष्ट. दागिने, रोकड, कागदपत्रं, रोजची औषधं, मोबाइल-लॅपटॉप, यातलं काहीही काउंटरवरच्या बॅगेत ठेवू नये, कुलूप असो वा नसो. ते हातातल्या बॅगेत. कारण सामान गेलं तर मिळणारी भरपाई अमर्याद नसते. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार विमान कंपनीची जबाबदारी प्रत्येक प्रवाशामागे 1519 एसडीआरपर्यंत आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. 2024च्या डिसेंबरअखेर ही मर्यादा वाढली, त्याआधी ती 1288 होती. रुपयांत ही रक्कम दीड लाखाच्या वर जाते, पण ती कमाल मर्यादा आहे, हातात पडणारी रक्कम नव्हे. काय गेलं आणि त्याची किंमत काय, हे आपल्याला दाखवावं लागतं. लग्नाचा सेट बॅगेत होता म्हणून सांगून तो परत मिळत नाही.

तक्रारीचे दिवसही ठरलेले आहेत. बॅग फुटली किंवा सामान कमी निघालं तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच कंपनीच्या सामान-काउंटरवर लेखी नोंद करून तिची प्रत घ्यावी. नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत, उशिरा आलेल्या बॅगेची 21 दिवसांत. 21 दिवस बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून दावा करता येतो. आपले लोक बाहेर नातेवाईक गाडी घेऊन थांबलेत म्हणून तसेच निघून येतात, घरी चार दिवस हळहळतात, आणि मुदत निघून जाते. मीही टॅक्सी उभी आहे म्हणालो होतो.

उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. झमझमचं पाणी बॅगेत घालून आणू नका. तिथे पाच लिटरचे पॅक केलेले खोके मिळतात, ते वेगळे द्यावे लागतात. बॅगेत सापडलं तर बॅग उघडली जाणार, आणि पुन्हा तीच तुटलेल्या कुलपाची कहाणी. दोरखंडांनी आवळलेली गाठोडीही आता बऱ्याच विमानतळांवर घेत नाहीत. दुबईने तर 2017 पासून एक बाजू सपाट नसलेलं सामान घेणं बंद केलं, गोल गाठोडी पट्ट्यांवर अडकतात म्हणून. मामूंच्या काळातला तो दोरीबंद खोका आता आठवणीतच.

गणिताच्या सरांना मी हेच सांगितलं. आकड्यांचं लहान कुलूप लावा, बॅगेतच बसवलेलं असेल तर उत्तम. आकडे आई-वडिलांनाही सांगून ठेवा. बॅगेचा उघडी असताना एक आणि बंद केल्यावर एक फोटो काढा. आत एका कागदावर नाव आणि फोन लिहून ठेवा, बाहेरची पट्टी फाटली तर तो कागद कामी येतो. काउंटरवर मिळालेला नंबराचा स्टिकर बॅग हातात येईपर्यंत जपा. तुमचं नाव पुकारलं तर घाबरू नका, जा, त्यांच्यासमोर स्वतः उघडून दाखवा. आणि बॅग भरताना तुम्ही स्वतः हजर राहा, तुमच्या हाताखालून गेलं नाही असं काहीही आत नको.

त्यांनी विचारलं, "आणि कुलूप तुटलेलं निघालं तर?"

म्हटलं, आधी बॅग उघडून बघा. मग चिठ्ठी शोधा. मग काउंटरवर जाऊन नोंद करा. आणि पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या माणसावर ओरडू नका.

हे शेवटचं मी त्यांना सांगितलं तेव्हा अम्मी आठवल्या. त्या अजूनही दर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात विचारतात, "त्या माणसाचं नाव तरी विचारलं असतंस." मी विचारलं नव्हतं. आता पुढच्या महिन्यात पाहुण्यांना सोडायला त्याच विमानतळावर जायचं आहे. आत जाऊ देत नाहीत, तो भेटण्याची शक्यता नाही, हे मला कळतं. म्हणून निदान इथे लिहून ठेवतो की त्या दिवशी चूक माझी होती आणि तो खरं बोलत होता.

तुमच्यापैकी जे सफरीला निघालेत, त्यांचा सफर खैरियतीचा होवो.